रताळ्याच्या वाफ्यातली घूस

त्या घुशीचा मला आजही राग येतो. मांजराएवढं धूड, आणि अक्कल माझ्यापेक्षा जास्त! वर रताळ्याचा वेल हिरवागार ठेवायची आणि खालून कंद फस्त. वेल ओढला की हातात नुसत्या कुरतडलेल्या मुळ्या यायच्या.

बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं कापूस खाल्ला तेव्हा बाबांनी बोलणंच सोडलं होतं. बाजार सुटला, दाढी करणं सुटलं, दिवसभर खाटेवर आढ्याकडे पाहत पडून. मग एक दिवस स्वतःहून उठले आणि घरामागे चार वाफे करून रताळ्याचे वेल लावले. आईनं मला चुलीपाशी ओढलं. "उठले वं एकदाचे. आता काही विचारू नको त्यायले."

आणि नेमकी त्याच वाफ्यांत ही सटवी शिरली.

गावात कोणीही सांगत होतं, दुकानातून औषध आण, दोन दिवसांत काम तमाम. पण आमच्या घरात विष येणार नव्हतं. फवारणीच्या बाटल्यासुद्धा मी आणि आईनं गुपचूप मामाकडे नेऊन ठेवल्या होत्या. कायले, ते आम्ही एकमेकींपाशीही बोललो नाही. त्या वर्षांत आमच्याकडच्या बऱ्याच बायकांनी हेच केलं होतं.

मग काय, बिळात पाणी ओतलं. वीस हंडे पाणी, कंबर मोडली माझी! घूस दुसऱ्या तोंडानं निघून न्हाणीमागे गेली. मिरच्यांची धुरी दिली, तर घूस मजेत आणि आम्हीच खोकून बेजार. शेजारीण कुंपणाशी येऊन शिव्या घालून गेली ती वेगळीच. पिंजऱ्यात भजं ठेवलं. भजं गेलं, पिंजरा उलटा पडलेला. तिसरा वाफाही पोखरून बसला त्या दिवशी बाबांनी कुदळ भिंतीला टेकवली आणि परत खाटेवर जाऊन पडले.

"औषध काहून आणत नाहीस वं?" त्यांनी आढ्याकडे पाहतच विचारलं.

"मांजर मरंल ना, बाबा."

"आपल्या घरी मांजर कुठं हाय?"

"शेजारच्यायचं. अन् दुकानात औषध संपलं हाय."

खोटं बोलायचीसुद्धा मला धड अक्कल नव्हती. त्यांनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतलं काम आटोपून घरी आले तर खाट रिकामी. आई दारातच उभी होती. "बाभुळगावले गेले. कायले, ते सांगतलं नाही."

तीन तास मी फाटकात उभी. आईवर ओरडले, एकटं जाऊ कसं दिलंस म्हणून. त्या मेल्या घुशीला नाही नाही त्या शिव्या दिल्या. शेवटी बाबा एसटीतून उतरले. दाढी केलेली, बगलेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. मी धावत जाऊन ते हिसकावलंच, आणि बोट कापलं. आत तारेची बारीक जाळी होती.

"वाफ्याखाली पुरू," ते म्हणाले. "मंग कुठून येते पाहू साली."

मी रक्त धुवायला वळले. मागून त्यांचा आवाज आला.

"दुकानात औषध होतं बरं, पोरी. तो काढून देऊन राह्यलाता. मीच नको म्हटलं."