उणे सात

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ग्रुप रिप्रेझेंटेशन हा गणितातला विषय आम्ही दोघींनीच घेतला होता. मी नाशिकचीच, कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहणारी. ती सायखेड्याहून एसटीने यायची. सकाळी कोबीच्या तोडणीला हात लावून निघायची, त्यामुळे पहिल्या तासाला तिच्या नखांत माती असायची. शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. वर्ग मोकळा नसला की त्या आम्हाला ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर शिकवत.

ग्रुपमधल्या प्रत्येक घटकाच्या जागी एक मॅट्रिक्स ठेवायची आणि तिच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज घ्यायची. अशा बेरजांचा तक्ता म्हणजे कॅरेक्टर टेबल. त्यातल्या ओळी आणि रकाने इतक्या कडक नियमांनी बांधलेले असतात की थोडा तक्ता हाती आला की उरलेला काढता येतो. प्रोजेक्ट म्हणून मॅडमनी आम्हाला एकवीस घटकांच्या एका ग्रुपचा तक्ता काढायला सांगितला.

शेवटच्या दोन ओळी अडल्या होत्या, त्या मी सोडवल्या. उत्तरात सातचं वर्गमूळ आलं. सगळे नियम ताडून पाहिले, सगळे जुळले. मॅडमनीही ठीक म्हटलं. ती मात्र दोन दिवस तो कागद वहीत घालून फिरत होती. तिसऱ्या दिवशी तिने तो माझ्यासमोर ठेवला.

"हा घटक आणि त्याचा इन्व्हर्स एका क्लासमधे नाय," ती म्हणाली. "मग इथं सगळ्या संख्या रिअल कशा येतील?"

घटक आणि त्याचा इन्व्हर्स, म्हणजे त्याला उलटवणारा घटक, वेगळ्या गटांत पडले तर तिथल्या सगळ्या संख्या रिअल असू शकत नाहीत, हे मला कळायला वेळ लागला. वर्गमुळाखाली सात नव्हे, उणे सात हवं होतं. संख्या कॉम्प्लेक्स होत्या. माझा तक्ता प्रत्येक तपासणीत खरा उतरला होता आणि तरी चुकीचा होता. ती चूक मला कधीच सापडली नसती, हे मला तेव्हाच माहीत होतं.

सादरीकरणाच्या दिवशी ती आली नाही. आदल्या संध्याकाळी तिच्या आईला सिव्हिलमध्ये अ‍ॅडमिट केलं होतं. सकाळी तिचा फोन आला. माझा भाग तूच सांग म्हणाली, आणि ते उणे कुठून आलं ते नीट सांग, घाई करू नको.

मी घाई केली नाही. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, शांतपणे ऐकत होते. आधी आमचा चुकीचा तक्ता फळ्यावर मांडला, मग इन्व्हर्सचा मुद्दा सांगितला. ते खुर्चीत पुढे सरकले.

"हे कोणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," मी म्हणाले.

ठरवून बोलले नव्हते. पण पुढची पाच मिनिटं ते माझ्याशी बोलत होते आणि दुरुस्त करायला भरपूर वेळ होता. मॅडम खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पुण्याच्या गणिताच्या उन्हाळी शिबिरासाठी कॉलेजातून एकाचं नाव जायचं होतं, त्या सादरीकरणावरून ते माझं गेलं.

आठवड्याने ती परतली. आई घरी आली होती, पण डावा हात उचलत नव्हता. कोणीतरी तिला सांगितलं होतं की परीक्षकांनी माझी फार स्तुती केली, ते उणे ओळखल्याबद्दल. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली असावी. मी तिच्या आईची चौकशी केली. त्यानंतरही ती ग्रंथालयात माझ्या शेजारी बसायची, पण कागद पुढे सरकवणं तिने बंद केलं.

शिबिराच्या प्रमाणपत्रावर मला एम.एस्सी.ला चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला. तिने परीक्षा दिली, पास झाली आणि शिक्षण सोडलं. दोन वर्षांनी मी मॅडमना भेटून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्या रागावतील.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ते तिनं आधी मलाच दाखवलं होतं. तिला घरून पुण्याला पाठवलं नसतं. कॉलेजची जागा फुकट गेली असती." मग म्हणाल्या, "तेव्हा मी गप्प बसले, ते मला अजून पचलेलं नाही."

तिचा पत्ता त्यांनीच दिला. ती सातपूरला एका कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायच्या कामाला होती. शिफ्ट सुटायच्या वेळी मी गेटबाहेर उभी राहिले. ती ओळखीचं हसली, चहा घेऊ म्हणाली. टपरीवर उभ्या उभ्या मी जे सांगायचं ते सांगितलं. परीक्षकांना पत्र लिहिते, असंही म्हणाले.

तिने ग्लास खाली ठेवला.

"आता लिहून काय होणार? तुझंच नुकसान होईल." मग म्हणाली, "मी त्या दिवशी फोनवर ते उणे नीट सांग म्हटलं नसतं तर बरं झालं असतं."

मला आणखी बोलायचं होतं. ती आईच्या औषधांबद्दल सांगू लागली, सायखेड्याची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सांगू लागली. सिटी बस आली तशी ती चढली. आत गर्दी होती, ती मला दिसली नाही.

पत्र मी लिहिलं. पाठवलं नाही. आता मीही तासिका तत्त्वावर शिकवते. तो विषय आमच्याकडे कोणी घेत नाही, आणि मी कोणाला तो घ्यायला सांगत नाही.