दोन ढब्बू

इथे येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वाचून हसले आहे. माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीच्या क्लेम सेक्शनला गेली. लोक काय काय रचून सांगतात आणि किती तोंड वर करून सांगतात, हे फाइलींमधून पाहिलंय. त्यामुळे कुणी ‘अमुक दिसलं’ म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो – साक्षीदार कोण? पुरावा काय?

तर माझ्या गोष्टीला साक्षीदार दोन होते. पुरावा मात्र तासाभरातच नाहीसा झाला...

साल चौऱ्याऐंशी. आमचं लग्न होऊन चार महिने झाले होते. अंधेरी वेस्टला, वर्सोव्याच्या बाजूला, तीन मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन भाड्याने घेतलं होतं. आमचं लव्ह मॅरेज, टायपिंग क्लासमधलं. त्यामुळे घरात दिलीपला ‘तू’ आणि वाकोल्याला सासूबाईंसमोर ‘अहो’ – अशी माझी कसरत चालायची.

घर सजवायची भारी हौस, पण हातात फारसं काही नाही. मग आम्ही सगळं स्वतःच करायचो. दिलीप अंधेरी ईस्टला एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये फिटर होता. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या आणून त्याने भिंतीवर मांडणी ठोकली. माझ्या माहेरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका शेजारी शेजारी ठेवून वर गादी टाकली – झाला सोफा. पडदे आईच्या जुन्या साड्यांचे. सोफ्यावर पाहुणे बसले की आतून ‘टण्’ असा आवाज यायचा आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो नाही.

आणि याच सगळ्यात ढब्बू आला. दिलीपचा एक मित्र आरे कॉलनीत, म्हशींच्या गोठ्यावर कामाला होता. तिथल्या कुत्रीला पिल्लं झाली, त्यातलं सगळ्यात गुबगुबीत दिलीप शर्टात घालून घेऊन आला. तपकिरी अंग, पांढरी छाती. सासूबाई बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “कुत्रो कित्याक हाडलंस रे? आधी पंखो घे.”

गळ्यात घालायला पट्टासुद्धा घरीच केला. आईच्या इरकली साडीचा काठ दुहेरी दुमडून मी शिवला. काळा दोरा संपला म्हणून शेवटची दोन बोटं लाल दोऱ्याने शिवली. आतल्या बाजूला दिलीपने बॉलपेनने लिहिलं – ‘ढब्बू’, खाली आमच्या बिल्डिंगचं नाव आणि तिसरा मजला. दिलीपचा ‘ढ’ जरा विचित्रच आहे, इंग्रजी सहासारखा पोट सुटलेला.

हे इतकं बारीक सांगतेय त्याला कारण आहे.

एप्रिलमधला शनिवार होता. मी दारं रंगवायला रजा टाकली होती. दिलीपच्या कारखान्यात मशीनचा हिरवा ऑइलपेंट उरला होता, तो त्याने विचारून आणला होता. सकाळी मी स्वयंपाकघराचं दार रंगवायला घेतलं आणि ढब्बू त्याला जाऊन घासला. डावा कान हिरवा. रॉकेलच्या फडक्याने पुसला, पण नीट निघेना. मग तो कंटाळून खाटेखाली जाऊन झोपला. बाहेरचं दार बंद होतं, वर कडी होती. खिडकीला ग्रिल. हे मी तेव्हापासून हजार वेळा आठवून पाहिलंय.

एकच्या सुमारास दार वाजलं. हिरामावशी होती – वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी विकायला यायची. डोक्यावर पाटी, आणि हातात... ढब्बू. नखशिखांत भिजलेला, मान टाकलेला.

“गो बाय, यो तुजा कुत्रा ना? खाली टाकीच्या कडेला व्हता.”

खाली, जिन्यामागे बिल्डिंगची पाण्याची टाकी होती, जमिनीतली. हा बाहेर गेला कसा, कधी? मी त्याला घेतलं. थंडगार अंग. डाव्या कानाला हिरवा रंग, गळ्यात इरकली काठ, लाल टाके. मी “अरे गाढवा, गेलास कुठे तू” असं काहीबाही बोलत टॉवेल घ्यायला वळले.

आणि खाटेखालून ढब्बू बाहेर आला.

कोरडा. झोपेतून उठलेला. अंग ताणून त्याने मोठी जांभई दिली. डावा कान हिरवा. गळ्यात इरकली काठ.

मी किंचाळले वगैरे नाही. माणूस किंचाळतो ते काहीतरी कळल्यावर. मला काही कळलंच नाही. मी हातातल्याकडे पाहिलं, जमिनीवरच्याकडे पाहिलं, आणि मावशीकडे पाहिलं – तिने पाटी खाली ठेवली होती आणि ती उंबऱ्याच्या बाहेरच मटकन बसली होती.

“तुला पण दोन दिसतायत ना?” मी विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. “खाली ठेव त्याला. ठेव, बाय.”

मी ठेवला. आता पिल्लांना पिल्लू दिसलं की काय करतात, सगळ्यांना माहीत आहे – हुंगतात, अंगावर पडतात, कान चावतात. या दोघांनी एकमेकांकडे पाहिलंच नाही. पाहायचं टाळलं असंही नाही. समोर कुणी नसावं तसे दोघं वागत होते. ओला हळूहळू पाण्याच्या वाटीकडे गेला, कोरडाही गेला. दोघं एकाच वाटीतून, दोन बाजूंनी पाणी प्यायले. नाकाला नाक लागेल इतके जवळ. आणि तरी नाही.

मी सोफ्याच्या कडेला बसले. माझे हात हिरवे, साडी ओली. मावशी दारात. पुढल्या इमारतीतून रेडिओ ऐकू येत होता, कुणीतरी कुकर लावला होता. भर दुपार... रणरणतं ऊन. अंधारात काही दिसलं असतं तर मी डोळ्यांना दोष दिला असता.

अर्ध्या तासाने दिलीप आला. शनिवारी त्याला हाफ डे. मावशीला ओलांडून आत आला, दोघांना पाहिलं आणि हसला. “अरे वा, दुसरा कुठून आणलास?”

“दिलीप, नीट बघ,” मी म्हणाले.

त्याने पाहिलं. मग गुडघ्यावर बसला. फिटर माणूस – आधी माप घेणार, मग बोलणार. दोघांचे कान बघितले, पंजे बघितले, पोटावरचा डाग बघितला. मग कोरड्याचा पट्टा सोडवून उलटा केला. आत ‘ढब्बू’. नंतर ओल्याचा सोडवला. आतली शाई फुटली होती, पण वाचता येत होती. ‘ढब्बू.’ तोच पोट सुटलेला ‘ढ’.

“मी एकच लिहिलं होतं,” दिलीप म्हणाला. पुन्हा म्हणाला, “सुमन, मी एकच पट्टा लिहिला होता.” लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण त्याचा तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही.

त्याने पट्टे पुन्हा बांधले. घाईत गाठी वाकड्या बसल्या. मग म्हणाला, “कुणीतरी चेष्टा करतंय. मी खाली टाकी बघून येतो.” त्याने ओल्याला बाथरूममध्ये ठेवून बाहेरून कडी लावली आणि कोरड्याला स्वयंपाकघरात ठेवून तिथलं दार ओढून घेतलं – ओला रंग हाताला लागला त्याच्या. “तू इथून हलू नकोस.”

मी हलले नाही. दोन्ही दारं माझ्या समोर होती. मावशी उंबऱ्यावरून माझ्याकडे बघत होती. पाचेक मिनिटं गेली असतील. कुठूनही कसलाच आवाज आला नाही.

दिलीप वर आला. “टाकीचं झाकण सरकलेलं आहे. आजूबाजूला ओलं आहे. बाकी काही नाही.” आणि त्याने बाथरूमची कडी काढली.

आत कुणी नव्हतं.

एवढीशी बाथरूम. एक बादली, एक पिंप, वर काचेच्या पट्ट्यांची बंद खिडकी. मोरीला जाळी. दिलीपने पिंपात हात घातला, बादली उलटी केली. जमिनीवर चार ओले पंजे उमटले होते, दाराकडे तोंड करून. बस.

मग मी स्वयंपाकघराचं दार ढकललं.

ढब्बू ओट्याखाली बसला होता. एकच. निथळत होता. त्याच्याखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं आणि टाकीतल्या शेवाळाचा वास येत होता. पट्टा एकच, गळ्यात. दिलीपने तो उलटा केला – शाई फुटलेली. नुकतीच त्याने बांधलेली वाकडी गाठही तशीच.

आता मला सांगा... आत कोरडा ठेवला होता, तिघांच्या डोळ्यांदेखत. मग हा कोण?

मावशी उठली. पाटी डोक्यावर घेतली. “आता एकच हाय ना?” तिने विचारलं. मी मान हलवली. “मग एकच समज,” म्हणाली आणि जिना उतरली. त्या दिवशी तिने आमच्या बिल्डिंगमध्ये एक बोंबीलसुद्धा विकला नाही.

पुढचे आठ दिवस मी त्याला हात लावला नाही. दिलीप खायला घालायचा. मी ऑफिसमधून उशिरा निघायचे. तो शेपूट हलवत पायाशी आला की मी पाय वर घ्यायचे. आमचं पहिलं मोठं भांडण त्यावरूनच झालं. मी म्हणाले, “तो नाही तर मी.” दिलीप म्हणाला, “दीड वितीचं पिल्लू आहे गं ते.” मी म्हणाले, “कुठलं? तेच सांग ना. कुठलं?”

शेवटी रविवारी तो ढब्बूला पिशवीत घालून बसने आरे कॉलनीत सोडायला गेला. संध्याकाळी परत आला तर पिशवीतून दोन कान बाहेर.

“काय झालं?”

“त्याच्या आईपाशी ठेवला,” दिलीप म्हणाला. “बाकीच्या पिल्लांना तिने चाटलं, पाजलं. हा पोटाशी घुसत होता, सारखा घुसत होता... ती त्याच्याकडे बघेचना, सुमन. हाकललं असतं, गुरगुरली असती, तरी चाललं असतं. तिच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. त्याला तसा टाकून मी कसा येऊ?”

ढब्बूचं अंग तापलं होतं. नाक कोरडं पडलं होतं. दिलीपने त्याला जमिनीवर ठेवला तर तो चारही पाय फाकून तिथेच बसला. आठ दिवसांत मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. साधे पिल्लाचे डोळे होते, आजारी. मी बशीत दूध-पाव कुस्करला आणि बोटाने चाटवला. मग मांडीवर घेतला. भीती गेली होती असं नाही. भीतीसकट घेतला.

तो तेरा वर्षं जगला. कधी काही वेगळं केलं नाही. पोस्टमनवर भुंकायचा, सासूबाईंच्या – हो, सासूबाईंच्याच – पायाशी झोपायचा, माझ्या मुलीच्या पाळण्याखाली राखण करायचा. इतका साधा कुत्रा मी पाहिला नाही. म्हातारपणाने गेला, माझ्या हातात.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या शनिवारनंतर पाचेक वर्षांनी हिरामावशीने धंदा सोडला. गुडघे गेले होते. शेवटच्या दिवशी मुद्दाम वर आली, पाणी प्यायली. ढब्बू तिच्या लुगड्याला हुंगत होता. दिलीप घरात नव्हता.

“बाय, त्या दिशी मी तुला खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “यो टाकीच्या कडेला नव्हता. टाकीत व्हता. पान्यावर. मी हात धुवाला गेली, तवा दिसला. मी काढला तवा त्यात जीव नव्हता.”

मी म्हटलं, “बेशुद्ध असेल मावशी.”

“माजा जल्म मासलीत गेला,” ती म्हणाली. “मेलेलं नि जितं मना कलतं. डोलं बघितलं मी त्याचं. तुज्याकडं पुरायला आनत व्हती. दुसऱ्या माल्यावर त्यानं माज्या हाताला चाटलं. मंग तू दार उघडलंस... नवी नवरी, हाताला रंग. कसं सांगू तुला?”

ती गेली. मी दार लावून घेतलं. ढब्बू दाराशी बसून माझ्याकडे बघत होता, जेवणाची वेळ झाली होती. मी त्याला जेवायला घातलं.

काय झालं होतं, मला माहीत नाही. क्लेमची फाइल असती तर ‘अपुरी माहिती’ असा शेरा मारून मी परत पाठवली असती. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मात्र साक्षीदार खोटे होते असं म्हणू नका.

मावशीचं हे बोलणं मी दिलीपला कधी सांगितलं नव्हतं. त्याचा त्या कुत्र्यावर फार जीव होता. आज हे लिहून झाल्यावर त्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, कागद घडी करून ठेवला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “मी टाकी बघायला गेलो ना, तेव्हा तो अजून पाण्यावर होता.”