शेवटच्या गाण्याआधी निघायचं

डागवाली कुणालाही नाही म्हणत नसे. हा तिचा गुण आहे, असं तिच्या सासरचे म्हणत. त्यांना तो गुण वाटणारच, त्यांची निम्मी कामं त्याच्यावर चालली होती.

हे नाव तिला गिऱ्हाइकांनी पाडलेलं. मोठ्या नणंदेच्या लाँड्रीत, मागच्या खिडकीखाली पत्रा ठोकलेल्या टेबलावर, ती बावीस वर्षं कपड्यांचे डाग काढत आली होती. पुढे काउंटरवर नणंद, मध्ये वाफेच्या ढगात इस्त्रीवाला आणि मागे ही, समोर बाटल्यांची रांग आणि हातात केस झडलेला मऊ ब्रश. डाग आला की ती डॉक्टरसारखी चौकशी करी. चहा की कॉफी? दूध होतं का त्यात? कधी सांडलं? घरी काही चोळलंत का? या शेवटच्या प्रश्नाला गिऱ्हाईक हमखास खोटं बोले आणि तिला ते वासावरून कळे. पण "हा डाग निघणार नाही" असं काही तिच्या तोंडून बाहेर पडत नसे. ती म्हणे, "निघेल, आणि अगदीच नाही निघाला तर फिकट होईल, आणि तरी दिसलाच तर वर खिसा लावून देऊ." तिचं प्रत्येक नाही असं आणि-आणि करत गल्लीबोळ हिंडायचं आणि शेवटी हो होऊन घरी परतायचं.

नणंदेला ती ताई म्हणे. "रविवारी येशील ना तासभर?" असं ताईंनी विचारलं की हिचं उत्तर "हो ताई, आणि..." त्या 'आणि'च्या पुढे काय होतं ते ताईंनी बावीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. 'हो' ऐकलं की त्यांचं काम झालेलं असे.

दोन वर्षांपूर्वी डागवालीची मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि जाताना आपला जुना फोन आईला देऊन गेली. त्यात गाणी होती. एका दुपारी, राखाडी कोटावरचा शाईचा डाग भिजत घालून डागवालीनं सहज त्याचे इअरफोन कानात खुपसले. कुणी एक मुलगा गात होता. भाषा कोरियन, म्हणजे शब्दाला शब्द कळायची सोय नाही. पण तो असं गात होता, की जणू समोर बसून कुणीतरी आपल्याला सविस्तर सांगतंय आणि आपलं बोलून होईपर्यंत थांबायलाही तयार आहे. डागवालीनं गाणं परत लावलं. मग परत. कोटाची आठवण झाली तेव्हा शाई गेली होती, आणि शाईबरोबर कोटाचा रंगही. खिशाजवळ बशीएवढा पांढरा चंद्र उगवला होता.

तिच्या हातून बिघडलेला हा पहिला कपडा. कोटवाला काउंटरवर जे बोलला ते ताईंनी ऐकून घेतलं आणि दुप्पट करून मागे पाठवलं. तेव्हापासून ताईंचं त्या सात कोरियन मुलांशी वैर. सातजण, कारण त्यांचा जथा सातांचा. डागवालीचा गाणारा फोटोत डावीकडून तिसरा उभा होता म्हणून तिच्या लेखी तो तिसरा. पुढे कळलं की ते दर गाण्याला जागा बदलतात. तरी तो तिसराच राहिला.

"काय म्हणतो गं तुझा तिसरा?" इस्त्रीवाला वाफेतून विचारायचा. "कधी येतोय कपडे टाकायला?"

"येऊ दे," काउंटरवरून ताई म्हणायच्या, "आधी त्या कोटाचा हिशेब चुकता करू."

आणि एक दिवस ते खरंच आले. शहरात, बंदिस्त स्टेडियममध्ये, रविवारी दुपारी तीन वाजता. मुलीनं दोन तिकिटं काढली, आई आणि ती. त्यानंतर तिसऱ्याला लष्करात भरती व्हायचं होतं. तिकडच्या तरुणांना ते चुकत नाही. पुढची दीड-दोन वर्षं तो कुठल्या मंचावर दिसणार नव्हता. म्हणून या दौऱ्यात सगळ्यात शेवटचं गाणं तो एकटा म्हणत होता. आणि ते होतं तेच, कोटाचं.

आठवडा आधी मुलीचा पाय जिन्यावर मुरगळला. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी? रविवारी गिझरवाला यायचाय." गिझर उत्तम चालू होता. डागवालीनं एकटीनं जायचं ठरवलं, तोच ताईंनी जाहीर केलं, "मी येते. बघू तरी दे, दोन वर्षं आमच्या दुकानात फुकट कोण गातंय ते."

इस्त्रीवाल्यानं वाफ सोडली आणि तिच्या आड हसून घेतलं.

रविवारी गाडीत बसल्या बसल्या ताईंनी तह वाचून दाखवला. "आधीच सांगून ठेवते. शेवटच्या गाण्याआधी निघायचं. त्या पार्किंगमधून नंतर दोन-दोन तास गाडी हलत नाही. फर्निचरच्या प्रदर्शनाला अडकले होते मी."

"हो ताई, आणि..."

"ठरलं तर मग."

डागवालीनं खिडकीबाहेर पाहिलं. 'आणि शेवटच्या गाण्यासाठीच तर मी चाललेय' हे वाक्य तिच्या घशात आलं, तिथंच बसलं आणि अख्खा रस्ता तिथंच बसून राहिलं.

दारावरच्या रखवालदारानं दोघींना पाहिलं आणि न विचारता डावीकडे बोट केलं. "पालकांची खोली तिकडे. खुर्च्या आहेत, पंखा आहे. मुली बाहेर आल्या की आम्ही सांगतो."

"बघ," ताई म्हणाल्या, "कुणाला तरी अक्कल आहे. चल, पंखा आहे."

डागवालीनं तिकिटं पुढे केली. त्यानं ती उलटून पाहिली, दिव्याखाली धरून पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "तुमचीच?"

"माझीच," डागवाली म्हणाली. मग पिशवीतून मुलीनं पाठवलेली लाइटस्टिक, गाण्यात हलवायची दिव्याची कांडी, काढली. वर काचेचा गोळा, खाली दांडा.

"हा मिक्सरचा जार कशाला आणलास?" ताईंनी विचारलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी खिदळलं. "यांना कशी मिळतात गं तिकिटं? आपली एक तिकडे बाहेर रडतेय."

आत त्यांच्या शेजारी अशाच दोघी निघाल्या. एकीचे केस निळे, दुसरीच्या गालावर चांदणी चिकटवलेली. निळीनं आपली बॅग डागवालीच्या बाजूला, मधोमध, कुंपणासारखी ठेवली.

"काकू, उभं राहावं लागतं इथे. बसून नाही चालत."

"आम्ही बसूनच बघणार," ताई म्हणाल्या. "आमची खुर्ची आहे."

"मग तुम्हाला आमच्या पाठी दिसतील."

"तुमच्या पाठी बघायला नाही आलो आम्ही. समोरचीही तोंडं बघायची हौस नाही, पण तो भाग वेगळा."

दिवे गेले. अशी आरोळी उठली, की ताईंनी पर्स पोटाशी धरली. सातजण खालून वर आले, पिंपातून उसळल्यासारखे. डागवाली उभी राहिली आणि तिच्या गुडघ्यांना पुढचे दोन तास ते कळलंच नाही.

"सगळे सारखेच आहेत," ताई तिच्या बाहीला धरून ओरडल्या. "तुझा कुठला?"

दुकानात रोज साठ पांढरे शर्ट येतात, ते तुम्हाला सारखे दिसतात का ताई, असं उत्तर डागवालीच्या मनात तयार झालं. तिनं घडी घालून ठेवून दिलं आणि नुसतं बोट दाखवलं. तिसरा त्या वेळी पाचवा उभा होता.

दुसऱ्या गाण्यात चाहत्यांनी सातही नावं ओळीनं पुकारायची असतात. कुठल्या ठोक्यावर सुरू करायचं आणि कुठे श्वास घ्यायचा ते ठरलेलं. डागवालीनं ते दोन महिने ब्रशच्या तालावर घोकलं होतं. ती नेमक्या ठोक्यावर सुटली. निळी एक नाव आधीच ओरडून बसली आणि गप्प झाली. तिनं डागवालीकडे असं पाहिलं, की जणू आपल्या ताटातलं कुणी उचलून खाल्लंय.

"तुम्ही पाठ केलंय?" तिनं रागानं विचारलं.

"तू केलं नाहीस?" डागवालीनं विचारलं. ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. निळीला ते जास्तच झोंबलं. तिनं बॅग आणखी दोन बोटं इकडे सरकवली.

गाणी संपत आली. मध्येच सातजण घामाघूम होऊन मंचाच्या कडेला बसले आणि त्यांच्यातला थोरला माइकवर कोरियनमध्ये काहीतरी विचारू लागला.

"आनी!" सगळं स्टेडियम ओरडलं.

ताईंनी कान टवकारले. त्यानं पुन्हा काही विचारलं.

"आनी!"

"आणि काय?" ताई म्हणाल्या. "अगं, आणि आणि काय करताहेत? पुढचं बोला की!"

चांदणीवालीला राहवलं नाही. "काकू, तो विचारतोय, दमलात का? घरी जायचं का? आनी म्हणजे नाही."

"आणि म्हणजे नाही?"

"त्यांच्या भाषेत. आनी, नाही."

"काहीतरीच! आणि म्हणजे आणि. उभयान्वयी अव्यय आहे ते. छड्या खाऊन शिकलोय आम्ही."

"मग सांगा त्यांना जाऊन," निळी म्हणाली.

डागवाली ते ऐकत होती. आनीचा अर्थ तिला केव्हाचा ठाऊक होता; मुलीनं सांगितला होता. पण वीस हजार माणसं एका दमात, हसत हसत, कुणाची माफी न मागता नाही म्हणताहेत, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आणि विचारणारा रागावला नाही, तोही हसत होता.

मग सहाजण हात हलवत आत गेले. मंचावर एक खुर्ची आली. दिवे एकेक करून मालवू लागले.

ताई उठल्या. पर्स खांद्याला लावली, चपलांत पाय सरकवले. "चल. हे शेवटचं. उठ... म्हणजे, उभीच आहेस. चल."

"आनी," डागवाली म्हणाली.

"आणि काय?"

"आणि काही नाही, ताई. आनी."

ताईंचा अर्थ नुकताच शिकून झाला होता, त्यामुळे कळलं नाही असं म्हणायचीही सोय उरली नव्हती.

"गाडीत बसून कबूल केलं होतंस."

"तुम्ही कबूल केलंत. मी आणिपर्यंतच पोचले होते."

"मला उलट उत्तर?"

"काकू, गप्प बसा ना!" मागून कुणी ओरडलं.

"तू गप्प बस, घोडे!" ताई मागे वळून म्हणाल्या, आणि परत डागवालीकडे. "मी निघाले. गाडी घेऊन निघाले. आणि ऐक, इथे राहिलीस तर उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही. त्या टेबलावर दुसरी बसवीन."

डागवालीच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं, बाटल्यांची रांग, खिडकीतून येणारा दुपारचा उजेड. बावीस वर्षं. मंचावर तिसरा खुर्चीकडे चालत येत होता.

"बसवा," ती म्हणाली. "अमोनियाची बाटली उजवीकडे आहे, तेवढं तिला सांगा. वास घेऊन बघायला जाईल."

ताई गेल्या. अख्ख्या रांगेच्या पायांवरून, एकाचीही गय न करता गेल्या.

तिसऱ्यानं गायला सुरुवात केली. फोनमध्ये होता त्यापेक्षा त्याचा आवाज बारीक होता, जरा बसलेला. दुसऱ्या कडव्यात तो अडकला. शब्द विसरला की गळा भरून आला, ते वरून कळत नव्हतं. पडद्यावर त्याचा चेहरा घराएवढा झाला. त्याच्या पांढऱ्या बाहीला मनगटापाशी काहीतरी लागलं होतं. मेकअप, डागवालीनं ओळखलं, तेलकट, तासाभरातला. गरम पाण्यात घालू नका रे कुणी, असं तिला अगदी तोंडावर आलं. पुढचा शब्द त्याला सुचेना. डागवालीला माहीत होता. अर्थ नव्हता माहीत, पण शब्द माहीत होता, आणि तिनं तो म्हटला. अर्थात वीस हजारांनीही म्हटला. पण तिनंही म्हटला. त्यानं तिथून उचलला आणि पुढे गेला.

ती रडली नाही. निळी रडली, भोकाड पसरून. नाक पुसायला तिला काही सापडेना तेव्हा डागवालीनं आपला रुमाल दिला. "काजळ लागेल त्याला," ती म्हणाली, "लगेच साबण लावू नकोस." निळीनं रुमाल हिसकावून घेतला आणि आभार मानले नाहीत.

गर्दीतून बाहेर पडायला अर्धा तास गेला, तरी बाहेर अजून ऊन होतं. घरी कसं जायचं ते डागवालीनं ठरवलं नव्हतं. बस शोधावी म्हणून ती पार्किंगच्या कडेनं चालू लागली, आणि तिला ताईंची गाडी दिसली. जागच्या जागी. पुढे एक गाडी, मागे एक, बाजूला एक मोठी व्हॅन, आणि तिन्हींचे मालक अजून आतल्या गर्दीत अडकलेले. ताई पाऊण तास स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. चेहरा लालबुंद. काच खाली होती.

डागवालीनं मागचं दार उघडलं आणि मागे बसली.

"पुढे बस," ताई समोर बघत म्हणाल्या. "मी काय तुझी ड्रायव्हर आहे?"

ती उतरली आणि पुढे येऊन बसली. आजूबाजूनं मुली गात चालल्या होत्या. एकीनं गाडीच्या टपावर ठेका धरला. ताईंनी काचेतून हात बाहेर काढून तिला हाकललं.

"उद्या नऊला ये," ताई म्हणाल्या. "चॉकलेटचा गालिचा येणार आहे."

"दहाला येईन."

ताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डागवाली पट्टा लावत होती. तो नेहमीसारखाच अडकत होता.

"साडेनऊ," ताई म्हणाल्या.

"दहा."

ताईंनी हॉर्नवर हात दाबला आणि दाबूनच धरला. पुढच्या गाडीत अजून कुणी बसलेलंसुद्धा नव्हतं.