नामंजूरसाहेबांचा पंखा

आमचे साडू विमा कंपनीत होते. लोकांचे नुकसानभरपाईचे दावे तपासायचे आणि फेटाळायचे, हे त्यांचं काम. मंजूर करायचाही अधिकार होता त्यांना, पण तो त्यांनी कधी फारसा वापरला नाही. निवृत्तीच्या दिवशी कोराकरकरीत परत केला. घर जळालेल्या माणसाला ते शांतपणे विचारत, "जळण्याआधी तिथे घर होतं कशावरून?" नात्यात सगळे त्यांना मागून 'नामंजूर' म्हणत. तोंडावर मी भाऊजीच म्हणायचो. माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, आणि मला माझ्या घरी सुखानं राहायचं होतं.

निवृत्त झाल्यावर फेटाळायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरात सुरुवात केली. भाजी नामंजूर, पडदे नामंजूर, शेजाऱ्यांचं हसणं नामंजूर. माझी मेहुणी मेटाकुटीला आली. तेवढ्यात त्यांना त्या चिमुकल्या संगणकाचा नाद लागला. पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पट्टी, तिच्यावरच सगळा संगणक. ना पडदा, ना खोकं. एका कडेला पितळी टाचण्यांची दुहेरी रांग. त्या टाचण्यांना दिवा जोडा, मोटर जोडा, हुकूम लिहा, की काम सुरू. हुकूम ऐकणारं काहीतरी घरात आलं म्हणून भाऊजी खूश आणि त्यांची नजर आपल्यावरून हटली म्हणून मेहुणी खूश.

हे असंच चाललं असतं तर लिहायला काही नव्हतं. पण त्यांच्या इमारतीत पार्किंगला कॅमेरे बसवायचं ठरलं. चित्रण साठवायला बाजारात तयार डबा मिळतो, तो आणू, असं सगळे म्हणाले. भाऊजी उठून उभे राहिले.

"तयार डबा म्हणजे आळशांचा सौदा. आपली गरज वेगळी आहे. मी बनवतो."

आपली गरज वेगळी म्हणजे नेमकी काय, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

यंत्र तळमजल्यावर मीटरच्या खोलीत बसवलं. खोली कसली, दाराआडचं कपाटच. वारा नाही, वर पत्रा. दुपारी आत भाकरी ठेवली तर भाजून निघेल अशी धग. ही पट्टी तापली की आधी सुस्तावते, मग चित्रण अडखळतं. म्हणून भाऊजींनी नखाएवढा पंखा आणला आणि थेट हुकमाच्या टाचणीला जोडला. हुकमाच्या टाचणीनं इशारा द्यायचा असतो, मोटर ओढायची नसते; पंखा चालवायला मधे ट्रान्झिस्टर, म्हणजे इशाऱ्यावर चालणारी विजेची कळ, बसवावा लागतो. हे माहितीपत्रकात पहिल्याच पानावर होतं. पण भाऊजी माहितीपत्रकं वाचत ती दुसऱ्यांच्या चुका काढायला. पंखा दोन गिरक्या फिरला, वास आला आणि पट्टी गेली.

"सदोष नग," भाऊजी म्हणाले आणि दुसरी मागवली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पंखा सरळ विजेवर टाकला. आता तो अखंड फिरायचा आणि अखंड कुंईं करायचा. मीटरच्या खोलीला लागून एका निवृत्त नर्सबाईंचं घर होतं. उभा जन्म वॉर्डात गेलेला, त्यामुळे कण्हण्याचा आवाज भिंतीपलीकडूनही ओळखायच्या. दुसऱ्या दिवशी त्या दारात हजर.

"साहेब, माझ्या कानाशी डास बांधलाय तुम्ही. तो सोडा तरी, नाहीतर मारा तरी."

"आवाज मर्यादेत आहे," भाऊजी म्हणाले.

"कुणाच्या?"

भाऊजी खाली जाऊन कामाला लागले. मधे ट्रान्झिस्टर बसवला; आता पंखा गरजेपुरताच चालणार, तापमान पाहून. हुकूम लिहिला: साठ अंशांवर गेलं की पंखा सुरू, साठाखाली आलं की बंद. कागदावर हे चोख दिसतं. प्रत्यक्षात पंखा फिरला की पारा एकोणसाठ, थांबला की पुन्हा साठ. पंखा दिवसभर कुर्र, बंद, कुर्र, बंद.

"डास गेला, उचकी लागली," नर्सबाई म्हणाल्या.

शेवटी सुरू साठावर आणि बंद पन्नासावर अशी फट ठेवली तेव्हा उचकी थांबली. ही अक्कल आपल्याला झोपेत सुचली, असं भाऊजी सांगत. नर्सबाई म्हणत, "नशीब, कुणाला तरी झोप लागतेय."

मग राहिलं विजेचं. या पट्टीला चालू-बंदचं बटणच नसतं. वीज आली की जागी, गेली की आडवी. आणि काम चालू असताना वायर उपटली तर आतलं मेमरी कार्ड बिघडून सगळं चित्रण पाण्यात. म्हणून भाऊजींनी एक लाल बटण जोडलं. दाबलं की यंत्र आधी आपला पसारा आवरणार, मगच झोपणार. बटणाची तार त्यांनी पंख्याच्या तारांसोबतच गुंडाळून नीट चिकटपट्टीनं बांधली. व्यवस्थितपणात त्यांचा हात कुणी धरला नसता.

आणि मग एका भर दुपारी कुणीतरी नर्सबाईंची स्कूटर पाडली. आरसा फुटला, पत्रा चेपला, हँडल वाकडं झालं. बाई थेट भाऊजींच्या दारात.

"तुमचा कॅमेरा दाखवा."

चित्रण पाहिलं. सकाळ स्वच्छ होती: पेपरवाला, मांजर, आणि साक्षात भाऊजी, मीटरच्या खोलीत डोकावताना. दुपार मात्र गायब. यंत्र बंद पडलं होतं. नुसतं त्या दिवशी नाही. मागची प्रत्येक दुपार तशीच कोरी. भाऊजी रोज संध्याकाळी जायचे, बंद यंत्र पुन्हा चालू करायचे आणि 'वीज गेली असावी' म्हणून वर यायचे.

"स्कूटर पार्किंगमध्येच पडली कशावरून?" भाऊजींनी नर्सबाईंना विचारलं. सवय हो, दुसरं काय.

बाईंनी त्याच संध्याकाळी सोसायटीची बैठक बोलावली, भाऊजींच्याच घरी. मीही गेलो, कारण मेहुणीनं फोन करून सांगितलं होतं, "या तुम्ही. यांना सांभाळायला नाही, मला सोबतीला."

भाऊजी यंत्र ताटात ठेवून घेऊन आले. सोबत केस वाळवायचं यंत्र. टीव्हीला तार जोडली, पडद्यावर पारा दिसू लागला. त्यांनी घसा साफ केला.

"दोष यंत्रात नाही, इमारतीच्या विजेत आहे. मी तुमच्यासमोर याला मुद्दाम तापवतो. बघा, पंखा कसा अचूक लागतो ते."

त्यांनी गरम हवा सोडली. पारा चढू लागला. पंचावन्न. अठ्ठावन्न. सगळे पुढे सरकले; खोटं कशाला बोलू, मीसुद्धा. साठ झाले आणि पंखा लागला, अगदी अचूक. आणि त्याच क्षणी पडद्यावर निरोपाच्या ओळी सरसर धावल्या, टीव्ही काळा झाला, यंत्रावरचा दिवा विझला.

केस वाळवायचं यंत्र तेवढं घोंघावत होतं.

"वीज गेली?" अध्यक्षांनी डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडे पाहत विचारलं.

"मी आयुष्यभर पेशंट पाहिले," नर्सबाई म्हणाल्या. "पण वारा घातल्यावर दगावणारा हा पहिलाच."

इतका हशा पिकला की मेहुणी पदरात तोंड लपवून आत गेली. मला वाटलं, रडतेय. जाऊन पाहिलं तर ओट्याला टेकून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"किती वर्षांनी हो," एवढंच म्हणाली.

भाऊजींनी पुन्हा चालू केलं, पुन्हा तापवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अध्यक्षांनीच केस वाळवायचं यंत्र हातातून काढून घेतलं. तयार डबा आणायचा, हे चहाच्या आधीच एकमतानं ठरलं. एकमतानं, कारण भाऊजी मतदानाला खोलीत नव्हते.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी एक टेम्पोवाला इमारतीत आला. आदल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर सोफा पोचवताना त्याची दोरी राहिली होती. दोरी घेतली आणि नर्सबाईंची बेल वाजवली.

"मावशी, मागे घेताना तुमची गाडी माझ्याकडून पडली. तुम्ही घरी नव्हता. मेकॅनिक माझा मित्र आहे, आजच नेऊन करून देतो."

बाईंनी त्याला बसवून पाणी दिलं. विषय मिटला होता. पण भाऊजी जिन्यातून खाली आले.

"थांबा. यानंच पाडली याला पुरावा काय?"

"मीच सांगतोय की," टेम्पोवाला गोंधळला.

"कबुली हा पुरावा नव्हे. चित्रण कुठे आहे?"

टेम्पोवाल्यानं बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "तू चल बाळा, किल्ली देते. साहेबांची तब्येत बरी नाही."

त्यानंतर आठवडाभर भाऊजींनी स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. आणि त्यांना कारण सापडलं, हे मान्य करायलाच हवं. बटण दाबलेलं नसताना त्याची तार विजेच्या दृष्टीनं नुसती अधांतरी असायची. तिला 'दाबलं नाही' असं ठामपणे सांगणारा रोध, म्हणजे रेझिस्टर, त्यांनी जोडलाच नव्हता. शेजारून पंख्याची तार गेलेली. पंखा सुरू होताना जो झटका बसायचा, त्यानं ही तार शहारायची आणि यंत्राला वाटायचं, बटण दाबलं. मग ते बिचारं निमूटपणे पसारा आवरून झोपी जायचं. भाऊजींनी तारा वेगळ्या केल्या, रोध जोडला, आजार बरा झाला. हे त्यांनी मला एकट्याला गच्चीवर नेऊन सांगितलं.

"म्हणजे चूक जोडणीतच होती," मी म्हणालो.

"विजेतही होतीच," भाऊजी म्हणाले. "मी फक्त तिला पुरून उरणारी जोडणी केली."

आता खाली तयार डबा चालतो आणि भाऊजींचं यंत्र वर बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी असतं. फार सुरेख चालतं. साठाला पंखा लागतो, पन्नासाला थांबतो, चुकूनही मरत नाही. कॅमेरा नाही, चित्रण नाही, दुसरं कुठलंच काम त्याला नाही. स्वतःचं तापमान मोजायचं आणि स्वतःला वारा घालायचा, एवढ्यासाठी ते अहोरात्र जागं असतं. पाहुणा आला की भाऊजी त्याला आधी पारा दाखवतात, पाणी नंतर.

परवा दुपारी आम्ही जेवून बसलो होतो. पंखा कुर्र करून सुरू झाला. मेहुणी उठली, लाल बटण दाबलं आणि आत झोपायला गेली. यंत्रानं शिस्तीत पसारा आवरला, दिवा मंदावत विझला.

मला वाटलं, आता भडका उडणार. भाऊजी मात्र कौतुकानं पाहत होते.

"पाहिलंत? किती अदबीनं बंद झालं," ते म्हणाले. "हिला एकदाच शिकवलं मी. रोज न चुकता चाचणी घेते."