बाळकुमच्या वेणूची परीक्षा

कल्याणहून सकाळच्या गाडीने निघाले. ठाकुर्लीच्या वीजघराचा धूर मागे पडला. डोंबिवलीची भातखाचरं कापणी होऊन उघडी पडली होती. ठाण्याला उतरून टांगा केला. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीची बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शुभवर्तमान सांगणारी. शिक्षण चौथीपर्यंत, पण धर्माची प्रश्नोत्तरं तोंडपाठ, आणि त्याची मला घमेंड होती. बाळकुमच्या वेणूला रविवारी बाप्तिस्मा घ्यायचा होता. ती तयार आहे का हे मी तपासायचं आणि पाळकसाहेबांना सांगायचं, अशी आमची रीत.

गावापुढे टांगा जाईना. खाजणातून (खाडीकाठची चिखलाची जमीन) बांधावरून चालू लागले. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, ऊन डोळ्यांना सोसवेना. पाय घसरला आणि मी पोटरीपर्यंत रुतले. एका बाईने दंडाला धरून वर ओढलं. मी चप्पल शोधत होते.

"चप्पल ऱ्हाऊ द्या, बाय. आदी तुमी भायेर या."

तीच वेणू. चाळिशीची, पायांना मिठाच्या भेगा. घरी नेऊन तिने गोड्या पाण्याचा हंडा माझ्या पायांवर रिता केला. ते पाणी ती अर्ध्या कोसावरून आणते, हे तिच्या सासूने मला ऐकवलं.

तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण जेवले. दोनदा घेतलं. मग पदर सावरून विचारलं, "विश्वास कुठून येतो?"

"मना (मला) ठावं नाय, बाय. मी काय तो आनला नाय. पोर गेली तवा देवाला लय शिव्या घातल्या. मंग एक दिस मीठ वढताना वाटलं, कोन तरी जवल हाय. मी बोलावलं नवतं."

"असं उत्तर नसतं. म्हण, विश्वास हे देवाचं देणं आहे, तो मनुष्याच्या प्रयत्नाने उत्पन्न होत नाही."

ती दोन शब्दांवर अडखळली. मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी बघू."

सासू दारात लसूण सोलत होती. "आमच्या देवानं कवा परीक्षा नाय घेतली," ती म्हणाली. "हिनं जत्रा सोडली, भावकीचं जेवन सोडलं. आता ही बसल कुठं? तुमच्या ओटीवर का माज्या?"

मी पदर खोचला आणि बांधाची वाट धरली.

परतताना टांग्यात तोच प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. उत्तर धडाधड आलं. पण मला विश्वास आला कुठून? आईबाप ख्रिस्ती, शाळा मिशनची. माझा कधी आला ते मला कळलंही नाही. न मागता मिळणारं देणं म्हणतात, ते वेणूला मिळालं होतं. जे मी वीस वर्षं शिकवत होते तेच ती तिच्या शब्दांत सांगत होती, आणि मला ते ओळखता आलं नाही. आता ओळखलं होतं, तर टांगा तिथेच वळवायला हवा होता. टांगेवाल्याने विचारलंही, "काय विसरलात का, मावशी?" मी नाही म्हटलं. त्या सासूपुढे चूक कबूल करायची नव्हती. ठाण्याला उतरताना त्याच्याकडे निरोप दिला, वेणूला सांग रविवारी ये. एवढाच.

पाळकसाहेबांना सांगितलं, बाई तयार आहे. रविवारी ठाण्यात एका घरी मंडळी जमली. वेणू चालत आली, सोबत सासूही. तिला बाजूला घेऊन बोलायचं मी ठरवलं होतं, पण साहेबांनी लगेच सुरुवात केली. विचारलं तेच. वेणूने माझ्याकडे पाहिलं आणि न अडखळता म्हणाली, "विश्वास हे देवाचं देणं आहे, तो मनुष्याच्या प्रयत्नाने उत्पन्न होत नाही." सूरसुद्धा माझाच.

पाणी शिंपडून झालं, गाणं सुरू झालं. ती माझ्या कानाशी आली. "आता बरोबर का, बाय? मीठ वढताना तेच घोकत व्हते."

पहिलं बरोबर होतं, हे म्हणायला तीन शब्द लागले असते. मी म्हटलं, "बरोबर."

परतीच्या गाडीत साहेब म्हणाले, "तयारी चांगली करून घेतलीत."

वेणूला अजूनही कोणी विचारलं, तर ती तेच पाठ उत्तर देते. मीठ वढतानाचं सांगत नाही. आणि कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर माझं नाव घेते.