जाळीवाल्या मामांची मुदतवाढ

आमच्या जाळीवाल्या मामांना कुणीही "कसं काय?" विचारलं, तरी उत्तर ठरलेलं असे, "मस्त! मले काय कमी हाय?" चपलेचा अंगठा तुटलेला असायचा, ती हातात धरून चालताना भेटले तरी हेच.

अकोटच्या एका जिनात, म्हणजे कापूस पिंजून सरकी काढायच्या कारखान्यात, ते फिटर होते. कापसातून सरकी निघताना ती फुटे आणि रुईला डाग पडत. मामांनी वाकड्या दात्यांची एक लोखंडी जाळी बनवली. सरकी अख्खी खाली पडू लागली. त्यांनी त्या जाळीचं रीतसर पेटंट घेतलं. मग अकोल्यापासून अमरावतीपर्यंत ज्यानं त्यानं ती बसवली आणि मामांना त्याबद्दल काही द्यायचं मात्र राहून गेलं. मामी त्यांना मागायला पाठवत. मामा जात, चालू जिनापाशी उकिडवं बसून जाळीकडे बघत, चहा पीत आणि परत येत.

"काय म्हनले ते?"

"लय तारीफ केली!"

मामी पुन्हा लोकांची पोलकी शिवायला बसत. मामांची जिनातली नोकरी केव्हाच सुटली होती; घर त्यावरच चाले.

पेटंटाची मुदत संपत आली, तेव्हा मी अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका वकिलांच्या हाताखाली वकिली करत होतो. म्हणजे त्यांची पुस्तकं उचलत होतो. त्यांतल्या एकात मला कलम सापडलं. शोध लावणाऱ्याला पुरेसा मोबदला मिळाला नसेल, तर मुदत वाढवून मिळू शकते. हा कायदा मामांना समोर बसवूनच लिहिलाय, असं मला वाटलं. त्यांनी फक्त खरं सांगायचं होतं. मी तर मनातल्या मनात नवा काळा कोटही शिवायला टाकला.

आमच्या वकिलांनी नागपूरच्या कोर्टात अर्ज लावला. निघताना मामी म्हणाल्या, "अजी, कोर्टात तरी खरं सांगजा. पोट भरत नाही म्हना."

"सांगतो न! मी काय लाजतो काय?" असं म्हणून मामा मुलीच्या लग्नातला कोट घालून निघाले. मामींनी काढून ठेवलेला ठिगळाचा सदरा खुंटीवरच राहिला.

कोर्टात पुढच्याच बाकावर मामांचे व्याही बसलेले. ते एका जिनवाल्याकडे दिवाणजी होते आणि अर्जाला विरोध करणाऱ्या जिनवाल्यांनीच त्यांना आणलं होतं. मला वाटलं, चला, घरचं माणूस आलं! मी वाकून नमस्कारही केला.

समोरच्या वकिलांनी फार गोड आवाजात विचारलं, "मामासाहेब, घरात कशाची ददात?"

मामांनी बाकाकडे पाहिलं. व्याही मिशीवरून हात फिरवत होते.

"नाही जी. भरपूर हाय."

"म्हणजे जाळीनं तुमचं भलं केलं?"

"केलं न! लय केलं."

आमचे वकील माझ्याकडे बघू लागले, मी पुस्तकाकडे. तरी त्यांनी उठून सुचवलं, "मामा, नीट आठवून सांगा."

"नीटच सांगून राहिलो न साहेब."

अर्ज फेटाळला गेला. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं. मामा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "पोरीच्या सासऱ्यासमोर कसं सांगू बावा, का माह्या घरी दोन टाइम चूल पेटत नाही? तिले त्याच घरात नांदनं हाय."

मुदत संपली. ती जाळी आता कुणीही करावी अशी झाली. अकोटच्याच एका कारखान्यानं तशा जाळ्या बनवायचा धडाका लावला आणि जिनातून सुटलेले मामा तिथं रोजंदारीवर दाते घासू लागले, ते शेवटपर्यंत. शनिवारी फाटकाशी मजुरीची रांग लागे. मामा रांगेत कधी उभे राहिले नाहीत. ते पलीकडे निंबाखाली जाऊन बसत आणि त्यांच्या जागी मामी उभ्या राहत.