दोन्या प्रोव्हीचा गोड भात

आपल्याला बोलता येत नाही, असं दोन्या प्रोव्हीचं म्हणणं होतं. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात. तिचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. तिथे ओरडता आलं की पुरे होतं. पालिकेच्या सुनावणीत वस्तीतर्फे तिने बोलायचं ठरलं, तेव्हा ती माझ्याकडे आली.

"तू साहित्य शिकलीस ना पोरी? मग आता काहीतरी कामाचं शिकव."

किनाऱ्यावरची ती जागा पालिकेची, म्हणजे सगळ्यांची. पत्र्याच्या शेडी, न्हाणीघरं, वाळूत पसरलेली झाडं. रविवारी आमची सगळी वस्ती तिथेच असते. ती जागा एका कंपनीला पंचवीस मजली इमारतीसाठी द्यायचं घाटत होतं.

रोज संध्याकाळी मी तिच्याकडून भाषण म्हणवून घ्यायचे. शेजारचा चागो, तिचा डॉमिनोतला जोडीदार, पायरीवर बसून ऐकायचा.

"हळू बोल, प्रोव्ही. नगरसेवक आहेत ते, चौथीची पोरं नाहीत."

"चौथीची पोरं जेवल्यावर ताट तरी उचलायची."

नाताळच्या आठवड्यात कंपनीतली एक मुलगी घरोघर फिरली. मारिओला तिचं नाव. डोंगरातल्या एका गावची, बोलायला लाघवी. आईने केलेले पास्तेलेस घेऊन आली होती, मांसाचं सारण भरून केळीच्या पानात बांधलेले, वाफाळते. चागोने दार लावून घेतलं. दोन्या प्रोव्हीने घेतले.

"शत्रूचं खातेस?" चागो म्हणाला.

"नाताळात दाराशी आलेलं अन्न परत पाठवू? आणि तिच्या आईने काय घोडं मारलंय माझं?"

ते ज्यात आणले होते ते काचेचं भांडं मागे राहिलं. रिकामं भांडं आमच्याकडे कुणी परत देत नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही. दोन्या प्रोव्हीने नारळाच्या दुधात गोड भात शिजवला, वर दालचिनी भुरभुरली, आणि भांडं घेऊन स्वतः कंपनीच्या कार्यालयात गेली. तिथे कुणीतरी म्हणालं, "एक फोटो, दोन्या?" ती हसली. फोटो म्हटलं की ती नेहमीच हसते.

सुनावणीच्या दिवशी तो फोटो भिंतभर दिसला.

"या विरोधकांच्या प्रमुख," कंपनीचा वकील म्हणाला. "आमच्या कार्यालयात आल्या. स्वतःच्या हातचा गोड भात देऊन त्यांनी आमचं स्वागत केलं. आता इथे काय म्हणतात, ऐकू या."

मागे कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, "हीसुद्धा फितूर?"

दोन्या प्रोव्ही माइकपाशी गेली. भाषण तिला तोंडपाठ होतं. तिचे ओठ हलताना मला दिसले.

"भात मीच केला," ती म्हणाली. आणि परत येऊन बसली.

त्या सभागृहात एकही माणूस असा नव्हता, ज्याच्या घरातून भांडं रिकामं परत जातं. नगरसेवकांनाही कळत होतं. अध्यक्षबाई हातातल्या अंगठ्या फिरवत राहिल्या. मी उठू लागले तर दोन्या प्रोव्हीने माझा झगा धरून खाली खेचलं.

"बस. माझ्या आईची रीत यांच्यापुढे पुरावा म्हणून मांडायची नाही."

जागा कंपनीला द्यायचा ठराव मंजूर झाला.

नंतर ती किनाऱ्यावर येईनाशी झाली. पाव आणायला लांबच्या दुकानात जाऊ लागली. वस्तीने कोर्टात जायचं ठरवलं, त्या बैठकीलाही आली नाही. चागोने एकदा तिचं दार ठोठावलं.

"प्रोव्ही, उघड. तुझ्या भातावर पंचवीस मजले उभे राहायचे नाहीत. तेवढा घट्ट तो कधीच होत नाही."

एरवी तिने आतूनच शिवी हासडली असती.

कुंपणाचे खांब रोवायला कंपनीची माणसं आली, त्या सकाळी मात्र ती आली. निषेधाला जमलेल्या वस्तीच्या मागे उभी राहिली. लोकांनी तिला जागा करून दिली. ती मान खाली घालून उभी होती.

ऊन चढल्यावर मारिओला पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. कुणी हात पुढे केला नाही. ती दोन्या प्रोव्हीपाशी थांबली.

"दोन्या, फोटोचं ते असं करतील, हे मला माहीत नव्हतं."

"सुनावणीला होतीस ना?"

"होते."

"भांडं भरून का परत येतं, हे तुला ठाऊक होतं?"

मारिओलाने होकारार्थी मान हलवली.

"मग उठून सांगायचं होतंस. तुझ्या आईचं भांडं होतं ते."

मारिओलाचे डोळे भरून आले. ती बाटल्या तशाच घेऊन परत गेली. खांबांवर घण पडतच होते.

"फार लागेल असं बोलले का गं?" दोन्या प्रोव्हीने मला विचारलं.

"हो."

तिने रुमालाने मान पुसली.

"जिथे बोलायचं तिथे दातखीळ बसली," ती म्हणाली, "आणि इथे एका पोरीला रडवलं."